चार तालुक्यांचा देव आणि आमचे बाबा

सुरुवात माझगावातून

कलकत्त्याला जाऊन चिनी देवळं बघायची आयडिया कुणाची, असं आल्यापासून सगळे विचारतायत, तर ती बाबांची. आमचे बाबा गोदीत सुतार होते, छत्तीस वर्षं डॉकयार्ड रोडला उतरून चालत कामावर गेले. नवाब टँक रोडला पुलाजवळ एक छोटीशी दुमजली इमारत आहे, बाहेर चिनी अक्षरं, तिच्यावरून ते कितीतरी वेळा गेले असतील आणि दरवेळी चपला न काढता बाहेरूनच हात जोडले असतील, कारण "देव कोणाचो का असेना". आत मात्र एकदाही गेले नाहीत. रिटायर झाल्यावर चार वर्षांनी, मागच्या दिवाळीत मी त्यांना धरून आत नेलं.

ते सी यिप कून, मुंबईतलं चिनी देऊळ. 1919 मध्ये इथल्या चिनी खलाशांनी बांधलं. खाली क्वान यिन देवी, अरुंद जिना चढून वर गेलं की क्वान कुंग, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती देव. बाबा देव बघायच्या आधी जिन्याचा कठडा चाचपत होते ते सोडा. रात्री घरी येऊन मी फोनवर नावाचा अर्थ शोधला तर सी म्हणजे चार आणि यिप म्हणजे परगणा किंवा तालुका. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडाँग प्रांतात तोईसान, सुनवुई, होईपिंग आणि यानपिंग असे चार शेजारशेजारचे भाग आहेत, तिथून एकोणिसाव्या शतकात माणसं जहाजात बसून जगभर गेली. कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेली, ऑस्ट्रेलियात गेली, आणि जिथे गेली तिथे याच नावाची मंडळं आणि देवळं निघाली, सॅन फ्रान्सिस्कोला, मेलबर्नला, सिडनीला. आणि कलकत्त्याला.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी मिळून एक मंडळ काढल्यासारखं झालं की. मग दोन दिवसांनी जेवताना अचानक, "कलकत्त्याचा तिकीट किती गो?"

पहिला दिवस, शुक्रवार

गीतांजलीने गेलो, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आईने दिलेल्या घावनांचा डबा नागपूरच्या आधीच संपला एवढंच. हॉटेल चांदनी चौक मेट्रोजवळ घेतलं होतं आणि हे मी सगळ्यांना सांगेन की जुना चायनाटाऊन बघायचा असेल तर याच भागात राहा, कारण सगळी मजा पहाटे असते आणि पहाटे लांबून यायचा कंटाळा येतो.

जानेवारीचा शेवट होता, हवेत छान गारवा आणि संध्याकाळी एक धुरकट वास. चहा भांडातून, म्हणजे मातीच्या कुल्हडातून, बाबांनी एकापाठोपाठ तीन प्यायले कारण एकात दोनच घोट असतात. मग बेंटिंक स्ट्रीटला चक्कर मारली. एकेकाळी इथे ओळीने चिनी लोकांची चपला-बुटांची दुकानं होती, आता थोडीच राहिलीत. हे हक्का लोक, म्हणजे चिन्यांमधलाच एक समाज. कलकत्त्याच्या चिन्यांमध्ये कामाची अशी वाटणीच होती, हक्का लोक चामड्यात, कँटनचे लोक सुतारकामात आणि गोदीत, हुपेचे लोक दात काढायला आणि बसवायला. सुतारकाम आणि गोदी म्हटल्यावर बाबांचे कान टवकारले. "जहाजाचे सुतार?" हो, जहाजाचे पण. ते मग गप्प झाले आणि रस्त्यात मध्येच थांबून म्हणाले, आपल्या गोदीत जुनी माणसं एका चिनी मिस्त्रीचं नाव काढायची, तो पटाशीला धार लावायचा तशी कोणाला जमायची नाही. नाव काय होतं ते त्यांना आठवेना आणि ते चार दिवस आठवलंच नाही.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सहाला टिरेटा बाजार, म्हणजे जुना चायनाटाऊन. हे नाव एदुआर्दो तिरेत्ता नावाच्या इटालियन माणसाचं, अठराव्या शतकात तो कंपनी सरकारात रस्ते आणि इमारतींचा सुपरिंटेंडंट होता आणि बाजार त्याच्या मालकीचा होता. म्हणजे इटालियनाच्या बाजारात चिनी नाश्ता आणि शेजारच्या टोपलीत बंगाली भाजी. कोणालाही विचारा पोद्दार कोर्ट (बाजाराजवळची इमारत) कुठे, लगेच सांगतात.

आमची अपेक्षा मोठ्या बाजाराची होती, प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला काही टेबलं, त्यावर अॅल्युमिनियमची मोठी मोदकपात्रं (दुसरा शब्द सुचत नाही, तशीच जाळीची थरावर थर), आणि झाकण उघडलं की वाफेत विकणाऱ्या मावशी दिसेनाशा होतात. बाव (सारण भरलेले वाफवलेले पाव), सुई माय (उघड्या तोंडाचे मोमो), फिश बॉल सूप, तांदळाचे वडे. विकणाऱ्यांत चिनी आज्या आहेत तसे बिहारी आणि बंगाली पण आहेत, शेजारी एकजण पुरी-भाजी काढत होता. जवळपास सगळ्यात डुक्कर असतं, त्यामुळे खात नसाल तर आधी विचारा. बाबा मासे सोडून बाकी फार काही खात नाहीत त्यामुळे त्यांनी फिश बॉल सूप घेतलं. पहिला घोट घेतला, चमचा खाली ठेवला, आता काय बोलतात म्हणून मी बघतेय. "मासो चांगलो आसा. पण चेचलो कित्याक?" चांगला मासा चेचून त्याचा गोळा का केला हा प्रश्न त्यांना परतेपर्यंत होता. बाऊल मात्र संपवला आणि दुसरा घेतला.

टीप म्हणजे आठच्या आत जा. साडेआठला आम्ही परत तिथून आलो तर टेबलं गायब आणि जागेवर गाड्या पार्क. शनिवार-रविवारी जास्त प्रकार असतात. सुटे पैसे ठेवा.

आता देवळं. कलकत्त्यात यांना चर्च म्हणतात. सी इप चर्च, तूंग ऑन चर्च, गी हिंग चर्च, नाम सून चर्च. इंग्रजांच्या काळात देव असेल तिथे चर्च असं खातं झालं आणि तेच नाव चिकटलं असं सांगतात. त्यामुळे रस्ता विचारताना "चिनी मंदिर" म्हटलं की दोनजण आम्हाला उलट्या दिशेला पाठवतात आणि "चर्च" म्हटलं की एक पोरगा हाताला धरून दारात आणून सोडतो.

सी इप चर्च, म्हणजे आपलं सी यिपच, छातावाला गल्लीत आहे. 1882 चं मंडळ आणि आत्ताची इमारत 1905 ची. बाहेरून हिरवट-लाल गेट, आत चौक, आणि देऊळ वरच्या मजल्यावर. खाली ऑफिससारखी खोली, भिंतीवर काळ्या-पांढऱ्या फोटोंची रांग, मंडळाचे जुने मेंबर असणार, सगळे कोटात, एकही हसत नाही. एका कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया, एक लोखंडी कपाट, त्यावर कुलूप, कपाटावर रिकामे बिस्किटांचे डबे. बाबा दारातच थांबले. "ही तर आपली लालबागची खोली गो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिरणगावात प्रत्येक गावाची एक खोली असायची. गावाहून पोरगा मुंबईला आला की त्याने स्टेशनवरून थेट त्या खोलीवर जायचं. तीस-पस्तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणार, प्रत्येकाची एक ट्रंक, दोरीवर कपडे, महिन्याची वर्गणी, आणि कोपऱ्यात गावच्या देवाचा फोटो. कोणाला नोकरी लावायची, कोण आजारी पडला तर काय करायचं, कोण मेला तर गावी कसं कळवायचं, सगळं त्या खोलीतून. बाबा सतराव्या वर्षी अशाच खोलीवर आले होते. गोव्याच्या खलाशांचे धोबी तलावला आणि माझगावला कूड असायचे, तेही हेच, फक्त फोटोच्या जागी अल्तार. आणि चिनी मंडळांची कामंही हीच होती, नवीन माणसाला टेकायला जागा, उसने पैसे, कामाची ओळख, आणि शेवटी अंत्यविधी. मी इतके दिवस वाचून "देऊळ" समजत होते, बाबांना दारातून आत पाऊल टाकायच्या आधी कळलं की ही खोली आहे.

वर क्वान यिन आहे. लाल रंग, सोनेरी कोरीवकाम, मोठी गोल पोकळ उदबत्तीची भांडी, छताला काळोख आणि बाजूला स्टँडवर लांब दांड्यांची शस्त्रं रांगेत लावलेली, मिरवणुकीत धरतात तशी. ही देवी मुळात आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन हळूहळू बाई झाला. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत त्याचं शिल्प आहे आणि त्यात बुडत्या जहाजातली माणसं त्याचा धावा करतायत, म्हणजे खलाशांचं आणि याचं नातं फार जुनं. मी हे बाबांना मोठ्या उत्साहात सांगत होते तर ते वेदीच्या लाकडी पडद्याजवळ गुडघ्यावर बसलेले, चष्मा कपाळावर, नाक लाकडाला टेकेल इतकं जवळ.

"खिळो नाय."

मी बघितलं. एका चौकटीत पक्षी, वेली, माणसं, घोडे, सगळं एकात एक कोरलेलं, आणि बाबा बोटाने दाखवतायत ते त्याच्या मागचं, जिथे दोन फळ्या कोपऱ्यात भेटतात. कुसू आणि साल, म्हणजे एका फळीचा दात दुसरीच्या खाचेत, बस. एक कोपरा कधीतरी उघडला होता आणि कुणीतरी नंतर त्यात खिळा मारला होता, त्याच्याभोवती लाकूड काळं पडून फाटलेलं. बाबांनी त्या खिळ्याकडे असं बघितलं की मला त्या मारणाऱ्या माणसाची दया आली. चीनमध्ये सुतारांचा देव लू बान, जसा आपला विश्वकर्मा, त्याच्या नावाने हे काम करणारे लोक होते, त्यात खिळा म्हणजे शिवीच.

राखणदार काका एवढा वेळ आमच्याकडे संशयाने बघत होते. बाबांचं गुडघ्यावर बसणं बघून जवळ आले. हिंदी बंगाली वळणाची. बाबांची हिंदी मालवणी वळणाची. "आप मिस्त्री?" "हां, गोदी में." बस, त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. काकांनी आतलं एक कपाट उघडून जुना तुटलेला कोरीव तुकडा दाखवला, बाबांनी तो उलटा करून बघितला, दोघांनी मान डोलावली.

मग कौल. वेदीवर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे होते, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. मनात प्रश्न धरून दोन्ही एकदम जमिनीवर टाकायचे. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय, म्हणजे प्रश्न नीट विचारला नाहीस, परत विचार. याच्याशिवाय बांबूच्या नळीत नंबर लिहिलेल्या काड्या असतात, नळी हलवत राहायची, एक काडी बाहेर पडते, त्या नंबरचा कागद वाचायचा.

आमच्या गावात देवळात पाषाणाला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की हो. त्यामुळे बाबांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी तुकडे हातात घेतले, वजन बघितलं, डोळे मिटले आणि चक्क गाऱ्हाणं घालायला लागले. हळू आवाजात पण मला ऐकू येत होतं, बा देवी माऊली, आज ही तुझी लेकरां मुंबईसून तुझ्या दारात इली हत... आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा!" काका दचकले. पुढचा प्रश्न बाबांनी तोंडातल्या तोंडात विचारला. तुकडे टाकले. दोन्ही सपाट वर.

काका खूश झाले, "हंस रही है!" बाबांनी परत टाकले, परत दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा पण. काका म्हणाले आज बस, ती आज मूडमध्ये आहे. काय विचारलंत म्हणून मी जिन्यावर दोनदा विचारलं, काही सांगितलं नाही.

जवळच ब्लॅकबर्न लेनमध्ये तूंग ऑन चर्च. लाल विटांची खूप देखणी इमारत, देवळाच्या खालच्या मजल्यावर 1920 च्या दशकापासून नानकिंग नावाचं रेस्टॉरंट होतं, एकेकाळी शहरातलं बड्या लोकांचं ठिकाण, आता बंद होऊन जमाना झाला. समोर कचऱ्याचा हा ढीग. ढिगाच्या वर, पहिल्या मजल्यावर, क्वान ती. माझगावातला लाल चेहऱ्याचा देव तो हाच, दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला खरा सेनापती, शब्द पाळण्यासाठी प्रसिद्ध, म्हणून घरापासून लांब एकमेकांच्या भरवशावर राहणाऱ्या लोकांना तो बरा वाटला असणार. गी हिंगमध्ये खाली माहजाँग खेळत चारजण बसले होते, टाइल्सचा खडखडाट वरपर्यंत. त्यांनी आमच्याकडे मान वर करून पण बघितलं नाही आणि मला ते फार आवडलं. सगळीकडे सकाळीच जा, दुपारनंतर कुलूप असू शकतं. देवाचा फोटो काढायच्या आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. दानपेटीत काहीतरी टाका, प्रत्येक ठिकाणी एकटा-दुकटा माणूस सगळं बघतोय.

तिसरा दिवस, रविवार

रविवारी आछीपूर, कलकत्त्याबाहेरचं हुगळीकाठचं गाव. आम्ही मुद्दाम चिनी नवीन वर्षानंतरचा रविवार धरला होता कारण त्या दिवसांत कलकत्त्याची चिनी कुटुंबं तिथे दर्शनाला जातात.

सियालदाहून बजबजची लोकल. इथे मी माती खाल्ली. गाडी न बघता शिरले, खिडकी मिळाली म्हणून खूश, ढाकुरिया आल्यावर शेजारच्या बाईंनी सांगितलं की ही बजबजला जात नाही. उतरून उलट बालीगंजला, तिथून बरोबर गाडी. बाबा म्हणाले, छत्तीस वर्षं हार्बरने गेलो, एकदा चुकलो नाही. हे वाक्य परतीपर्यंत सहा वेळा ऐकलं. तर तुम्ही इंडिकेटर बघा.

बजबज स्टेशनच्या नावात आता कोमागाता मारू आहे. 1914 मध्ये त्या जहाजातून पंजाबची 376 माणसं कॅनडाला राहायला गेली, व्हँकुवरला त्यातल्या बहुतेकांना उतरूच दिलं नाही, जहाज परत आलं ते इथे, आणि इथे पोलिसांनी गोळ्या घातल्या. आपण चाललोय कोणाकडे, तर परदेशातून येऊन इथे जमीन मिळालेल्या माणसाकडे, आणि उतरतोय कुठे, तर या स्टेशनवर. पुढे टोटोने गेलो, म्हणजे बॅटरीची रिक्षा.

आछीपूर हे नाव आछूवरून. पूर्ण नाव तूंग आछू, हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला चिनी म्हणून त्याची नोंद घेतात. वॉरन हेस्टिंग्जने त्याला वर्षाला 45 रुपये भाड्याने 650 बिघे जमीन दिली, त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला, चीनमधून कामगार आणले. 1783 मध्ये तो गेला, कारखाना बसला, माणसं कलकत्त्यात आली आणि तिथून ती सगळी चर्च सुरू झाली. हिंदी-बंगालीत साखरेला चिनी म्हणतात ते याच्यामुळे असं टोटोवाला ठासून सांगत होता. मला नाही पटलं, एका कारखान्याने अख्ख्या हिंदी पट्ट्याचा शब्द बदलणार? पण त्याच्या टोटोत बसून वाद कोण घालणार.

देऊळ छोटं आहे, त्या जागेला चिनेमानतला म्हणतात. आत जमिनीचा देव आणि त्याची बायको, दोघं छोटे छोटे, गावातले लोक त्यांना खुदा-खुदी म्हणतात. बाबांनी विचारलं हा कोण, मी म्हटलं त्या त्या जागेचा राखणदार, पीक-पाणी, सीमा बघणारा. "म्हणजे जागेवालो." एका शब्दात विषय संपला. कोकणात नवीन घर बांधताना आधी ज्याला नारळ देतात तोच.

आणि त्या दिवशी तिथे जत्राच. कलकत्त्याहून बस करून आलेली कुटुंबं, लाल जॅकेटातली पोरं, मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या, संत्र्यांचे ढीग, भाजलेलं अख्खं डुक्कर ताटात, चकचकीत लाल. सोनेरी-चंदेरी कागद भट्टीत जाळत होते, वरच्या लोकांना पैसे पोचावेत म्हणून, आणि त्याची राख हवेत उडून सगळ्यांच्या केसांवर. गावातल्या बंगाली बायका पण हात जोडून जात होत्या, पोरं कडेला उभी राहून संत्र्यांची वाट बघत होती आणि ती त्यांना मिळत पण होती. एका कुटुंबाने आम्हाला चटईवर बसवलं. आजोबा कलकत्त्यातच जन्मलेले, मुलगा टोरोंटोला, सून तिथली, नात इंग्लिशशिवाय काही बोलत नाही. ती पहिल्यांदाच आली होती आणि राखेला घाबरून रडत होती.

आजोबांना मी 1962 च्या चीन युद्धाबद्दल विचारलं नव्हतं, तेच बोलले. त्यांची मावशी आसामात माकूमला राहायची, नोव्हेंबरमध्ये पोलीस आले, थोडे दिवस जावं लागेल म्हणाले, गाडीत घातलं, आणि राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. युद्ध महिन्याभरात संपलं, पण छावणीत तीन हजारांच्या आसपास लोक होते आणि काहीजण वर्षानुवर्षं आत राहिले. मावशी सुटून आली तोपर्यंत घर-दुकान गेलेलं होतं. त्यानंतर ज्याला जमलं तो कॅनडाला गेला. "हम लोग कैसा रह गया, मालूम नहीं," असं म्हणून त्यांनी बाबांना संत्रं सोलून दिलं. बाबांनी काहीच उत्तर दिलं नाही, अर्धं संत्रं त्यांना परत दिलं.

आछूची कबर थोड्या अंतरावर हुगळीच्या काठी, लाल, घोड्याच्या नालेसारखी. नदी तिथे प्रचंड रुंद आहे, ऊन कोवळं, आणि एक मालवाहू जहाज इतकं हळू जात होतं की आधी मला ते नांगरलेलंच वाटलं. बाबा कठड्यावर बसून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होते. जेवणाची सोय तिथे फारशी नाही, पाणी आणि खायला बरोबर न्या.

चौथा दिवस, सोमवार

टांगरा, म्हणजे नवा चायनाटाऊन. इथे हक्का लोकांच्या टॅनऱ्या, म्हणजे चामडं कमावायचे कारखाने होते, 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने शहरातल्या टॅनऱ्या बाहेर हलवायला सांगितल्या, मग अनेकांनी त्याच उंच भिंतींच्या आत रेस्टॉरंट काढली. त्यामुळे हॉटेलात शिरताना गोडाऊनमध्ये शिरल्यासारखं वाटतं. चिली चिकन आणि हक्का नूडल्स म्हणून आपण गल्लीगल्लीत जे खातो त्याचं हे माहेर.

आणि सोमवार म्हणजे बाबांचा उपवास, कडक. टांगऱ्यात चिनी कालीचं देऊळ आहे, आधी झाडाखाली दोन शेंदूर लावलेले दगड होते, एक चिनी मुलगा खूप आजारी असताना आईबापांनी तिथे नवस केला, तो बरा झाला, मग चिन्यांनी पैसे जमवून देऊळ बांधलं अशी गोष्ट सांगतात. पूजा बंगाली भट करतो, उदबत्त्या चिनी, आणि प्रसादाला नूडल्स अशी त्याची ख्याती. आता उपवासाला नूडल्स चालतील का यावर आदल्या रात्रीपासून आमच्यात चर्चा. बाबांनी बरीच उलटसुलट बाजू मांडली आणि शेवटी निकाल दिला की प्रसाद नाकारला तर पाप, त्यामुळे खावा लागेल, इलाज नाही. सकाळी दाढी-बिढी करून तयार.

आम्ही गेलो तेव्हा नूडल्स नव्हते. भटजींनी हातावर संदेश, म्हणजे बंगाली मिठाई ठेवली. बाबांनी ती कपाळाला लावून खाल्ली आणि बाहेर येऊन म्हणाले, बरं झालं उपवास मोडला नाही. मी त्यांचा चेहरा बघितला. बरं वगैरे काही झालेलं नव्हतं. दुपारी मी चिली चिकन खात होते आणि ते समोर बसून केळी खात होते, प्लेटकडे न बघता.

संध्याकाळी टिरेटा बाजाराजवळून सॉसच्या बाटल्या घेतल्या, हिरव्या मिरचीचा सॉस नक्की घ्या, पण कपड्यात गुंडाळून ठेवा, आमची एक बाटली रायपूरच्या पुढे फुटली.

आल्यावर

दोन रविवारांनी बाबा एकटेच माझगावला जाऊन आले. आईने विचारलं कुठे गेला होतात तर "जरा खोलीवर". आता ते गॅलरीत बसून फणसाच्या लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे करतायत, कलकत्त्याच्या मापाने, नुसतं हातात धरून वजन घेतलेलं तेवढ्यावर. दिसायला हुबेहूब झालेत. फक्त कितीही टाका, एक सपाट आणि एक फुगीरच पडतो, दर वेळी उजवा कौल. आई म्हणते मग चांगलंच आहे की, चाळीच्या रीडेव्हलपमेंटचं विचारून टाका एकदाचं. बाबा काही बोलत नाहीत, पॉलिश पेपर घेऊन परत घासायला बसतात. एका तुकड्याचं वजन चुकलंय म्हणतात.